रेघ न उमटवता

पोलिसांच्या अहवालातलं ते एक वाक्य तिने इतक्यांदा वाचलं होतं की कागद समोर नसला तरी ते डोळ्यांपुढून हलत नसे. 'घटनास्थळी ब्रेक लावल्याच्या कोणत्याही खुणा आढळल्या नाहीत.'

तिचा धंदाच वाक्यांचा. शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचे पंप असल्या वस्तूंबरोबर जी माहितीपुस्तिका येते आणि लोक जी न वाचता खणात टाकतात, ती लिहायचं काम ती अठरा वर्षं करत होती. कुठलं वाक्य माणसाला वाचवतं आणि कुठलं नुसतं कंपनीला वाचवतं, हे तिला एका नजरेत कळे. हे वाक्य कुणालाच वाचवत नव्हतं. उलट त्याने तिच्या धाकट्या भावाला आतून पोखरायला घेतलं होतं.

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. सकाळचे दहा वाजलेले, लख्ख ऊन, कोरडा रस्ता. लाकडाच्या वखारीच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे रस्त्यावर आला आणि बाबांची मोटारसायकल त्याच्या बाजूवर जाऊन आदळली. चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांना गाडी थांबवायला शिकवलं, तो स्वतः थांबला नाही. आणि रस्त्यावर ब्रेकची खूण नाही.

पाचव्या दिवशी आत्या भांडी विसळता विसळता म्हणाली, वहिनी गेल्यापासून दादाचं कशात म्हणून मन नव्हतं. आत्या पुढे काही बोलली नाही, पण ते न बोललेलं घरभर झालं. भावाने ते ऐकलं. तेव्हापासून तो जेवायला बसे, ताटाकडे बघे आणि उठून जाई.

त्याचं कारण तिला आधीच माहीत होतं. अंत्यविधीहून परत आल्यावर जिन्यात, कठड्याला धरून, त्याने ते सांगून टाकलं होतं. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तो बाबांकडे गेला होता. बाबांच्या हातातला पेला थोडा हिंदकळला आणि याच्या तोंडून गेलं, "तुमचे हात कापतात बाबा. एक दिवस कुणाचा तरी जीव घ्याल. बंद करा आता ते शिकवणं."  बाबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"मी म्हणालो जीव घ्याल," भाऊ म्हणाला, "आणि त्यांनी घेतला, ताई. स्वतःचा."

असं काही नसतं रे, असं ती म्हणाली खरी, पण ते तिलाच पोकळ वाटलं. तिच्या हातात काहीच नव्हतं. बाबांनी ब्रेक दाबला होता की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. दाबला असेल तर त्यांना थांबायचं होतं. थांबायचं असेल तर भावाच्या डोक्यावरचं ते ओझं उतरेल. त्याच्या घरात दोन लहान मुली होत्या आणि तो दिवसेंदिवस भिंतीसारखा होत चालला होता.

बाबांना सगळे मास्तर म्हणत. शहराच्या कडेला साबणाचा एक कारखाना कधीच बंद पडला होता. त्याच्या सिमेंटच्या अंगणात मास्तरांची शाळा. एका टोकाला पांढरा पट्टा, त्यापुढे सात मोठ्या पावलांवर एक रिकामं पिंप. शिकणाऱ्याने भरधाव यायचं, पट्ट्यापाशी मास्तरांचा रुमाल खाली पडला की ब्रेक दाबायचा आणि पिंपाच्या अलीकडे थांबायचं. पण नुसतं थांबून भागत नसे. गाडी थांबली की मास्तर हात पाठीमागे बांधून, वाकून, जमीन बघत चालत येत. चाक जाम होऊन टायरची काळी रेघ उमटलेली दिसली की नापास. "रेघा ओढायच्या असतील तर पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जा," हे त्यांचं ठरलेलं. मग ज्याची रेघ त्याने तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन ती घासून काढायची. ती निघेपर्यंत घरी जायचं नाही, मग तो कुणी का असेना. एका पोलीस अधिकाऱ्यालाही त्यांनी गणवेशात गुडघ्यांवर बसवलं होतं.

रेघ न उमटवता थांबायची युक्ती त्यांच्या दोन बोटांत होती. धर, सोड, धर. चाक जाम होऊ लागलंय असं वाटलं की बोटं सैल करायची, चाक मोकळं झालं की पुन्हा आवळायची, आणि हे सगळं विचार करायच्या आत. हाताने करायचं, डोक्याला कळवायचं नाही, असं ते सांगत. ती दहा वर्षांची असताना पिंपावर बसून वहीत पास-नापास लिहायची. अठराव्या वर्षी तीही शिकली. तिचा भाऊ मात्र पहिल्याच दिवशी पडला आणि त्याने पुन्हा कधी गाडीला हात लावला नाही.

ही नवी मोटारसायकल तिनेच बाबांना घेऊन दिली होती. बाबांनी सत्तरी ओलांडली, आई गेली, आणि जुन्या गाडीवर त्यांना बघून तिचा जीव वरखाली व्हायचा. नव्या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस होतं. कितीही जोरात ब्रेक दाबा, चाक जाम होत नाही. गाडीच सेकंदाला कितीतरी वेळा धर-सोड करते. माणसाने फक्त घट्ट धरून ठेवायचं. तिने समजावून सांगितलं तेव्हा बाबा मिशीत हसले होते. "म्हणजे माझी नोकरी गेली म्हण ना."

अपघाताच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला होता. अंगणात जरा जोरात ब्रेक दाबून बघितला म्हणाले. "लिव्हर कापते की माझाच हात कापतोय, काही कळेना. रविवारी येतेस? तू दाबून बघ." तिच्या समोर कपडे धुण्याच्या मशीनची पुस्तिका अर्धी पडली होती. ती म्हणाली, बाबा, पुस्तिकेत सगळं दिलंय, वाचा ना जरा. वाचतो, म्हणाले. मग तिचा खोकला गेला का ते विचारून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी गाडीबद्दल कुणाला काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तेव्हा हे तिच्या लक्षात आलं नाही.

पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा तिने ती पान्याकडे नेऊन ठेवली. पान्या मास्तरांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट विद्यार्थी. त्याने एका उन्हाळ्यात इतक्या रेघा घासल्या होत्या की शेवटी तो म्हणाला, ब्रेक लावण्यापेक्षा दुरुस्त करणं सोपं आहे, आणि त्याने गॅरेज काढलं. खिशात कायम पाना, म्हणून पान्या. तो तिला अजून 'मास्तरीण' म्हणायचा, त्या वहीमुळे.

त्याने दोन दिवस लावून गाडी तपासली. पुढच्या चाकाचा आठ झाला होता, पण ब्रेकचं तेल जागच्या जागी होतं, नळ्या शाबूत होत्या, पॅड नवे होते. सीटखाली पुस्तिका सापडली. एक पान दुमडलेलं. तिने घाईने उघडलं. घड्याळ कसं लावायचं, ते पान होतं.

"ब्रेक चांगला होता," पान्या म्हणाला. "आणि खूण नाही त्याचं म्हणशील, तर एबीएसची गाडी रेघ ओढतच नाही. पोलिसांना कोण सांगणार?"

मग दाबला होता म्हणायचं का, तिने विचारलं.

पान्याने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "दाबला असता तरी रेघ नसती. नसता दाबला तरी नसती. मला खोटं बोलता येत नाही, मास्तरीण. निदान या घरच्या माणसांशी."

ती तिथेच एका उलट्या खोक्यावर बसली असताना एक नर्स आली. पन्नाशीची, बुटकी, खांद्याला कापडी पिशवी. आधी घरी जाऊन आली होती, आत्याने इथला पत्ता दिला. अपघाताच्या सकाळी ती दवाखान्यातून ड्यूटी संपवून स्कूटरवरून घरी निघाली होती, मास्तरांच्या मागोमाग. पहिली तीच धावली. तिने पिशवीतून एक हातमोजा काढला. उजवा. नाडी बघायला तो तिने काढला होता आणि गडबडीत स्वतःच्या पिशवीत टाकला. पिशवी धुवायला काढली तेव्हा सापडला. तीन आठवडे उशीर झाला म्हणून ती पुन्हा पुन्हा माफी मागत होती.

मोज्याचं चामडं तर्जनी आणि मधल्या बोटापाशी झिजून गुळगुळीत झालं होतं. बाकीची बोटं नव्यासारखी. नर्सच्या हातातून तिने तो घेतला आणि आपल्या मांडीवर पालथा ठेवला.

त्यांना त्रास झाला नाही, असं नर्स म्हणाली. मग पान्याकडे वळून, जरा संकोचून तिने विचारलं, "गाडी तुम्हीच बघत होता ना? मागचा लाल दिवा लूज होता का हो? राग मानू नका. पण मी मागेच होते. दिवा लागला, विझला, परत लागला, परत विझला. मला वाटलं याची वायर ढिली आहे, गाठून सांगावं त्यांना. आणि तेवढ्यात…"

पान्या उसळलाच. दिवा त्याने स्वतः महिन्यापूर्वी बघितला होता, वायर ढिली असेल तर आपण गॅरेजला कुलूप लावू, असं बरंच काही तो बोलला. बोलता बोलता त्याचा हात वर आला, दोन बोटं हवेत आवळली गेली, सैल झाली, पुन्हा आवळली गेली. आणि तो स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला.

तिने मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या गॅरेजमध्ये हे समजणारी दोनच माणसं होती.

"किती वेळा?" तिने नर्सला विचारलं.

नर्सने डोळे मिटले. माणसाची नाडी मोजावी तशी ती ओठ हलवत आठवत राहिली. "तीनदा लागला. तिसऱ्यांदा लागलेला होता, तेव्हाच धडकले."

आणि पोलिसांनी काय विचारलं? त्यांनी ट्रकचं विचारलं, हेल्मेटचं विचारलं. दिव्याचं कुणी विचारलं नाही, आणि बिघडलेल्या दिव्याचं सांगून मेलेल्या माणसाला कशाला नाव ठेवायचं, म्हणून ती बोलली नाही.

नर्स गेल्यावर पान्या म्हणाला, "या गाडीचा दिवा आपोआप लुकलुकत नाही. बोटं सोडली तरच विझतो." मग म्हणाला, "वखारीपुढे रस्त्यावर कायम भुसा असतो. चाक सरकलं असणार, एबीएस सुरू झालं असणार, लिव्हर कापली असणार. आणि मास्तरांनी… त्यांनी सोडलं. दोनदा."

घट्ट धरून ठेवलं असतं तर थांबली असती का, हे तिने विचारलं नाही. पान्याने आपणहून सांगितलंही नाही. तो नुसता जमिनीकडे बघत म्हणाला, "मला एकदा विचारायचं तरी."

"तुला कसे विचारतील?" ती म्हणाली. "तू केवढं घासलंयस."

पान्या हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं कारखान्याच्या अंगणात गेली. एका गिऱ्हाइकाची तशीच गाडी पान्याकडे आली होती. अंगणात तीन आठवड्यांची धूळ होती, पिंपावर कावळ्यांनी शिटलं होतं, पण जमिनीवर एकही रेघ नव्हती. तिने हेल्मेट चढवलं आणि बाबांचा मोजा घातला. तो तिला सैल होत होता.

आधी पान्याने एबीएसचा फ्यूज काढला. फरक कळू दे, म्हणाला. ती पट्ट्याकडे आली, पान्याने रुमाल टाकला, तिने ब्रेक दाबले. वीस वर्षांत सवय गेली होती. पुढचं सांभाळताना मागचं पायाखाली जास्त दाबलं गेलं, मागचं चाक जाम झालं आणि गाडी शेपटी हलवत पिंपाच्या पुढे जाऊन थांबली. मागे हातभर रुंद वळण घेत गेलेली काळी रेघ.

"नापास," पान्या म्हणाला.

मग त्याने फ्यूज बसवला. धर आणि सोडू नकोस, एवढंच त्याने बजावलं. तिला ते माहीत होतं. असली वाक्यं तर ती स्वतः लिहीत होती. ती आली, रुमाल पडला, तिने आवळलं, आणि लिव्हर तिच्या बोटांखाली कापायला लागली. खडखड नव्हे, झटका नव्हे. आजारी माणसाचा हात हातात घेतल्यावर लागावी तशी थरथर. ती बाहेरून येतेय की आपल्याच मनगटातून, हे सांगता आलं नसतं. तिची बोटं सैल झाली. तिने केली नाहीत, झाली. गाडी सुटल्यासारखी पुढे गेली आणि पिंपाला घासून थांबली.

पान्या धावत आला. तिने त्याला हातानेच थोपवलं आणि पुन्हा पट्ट्याच्या मागे गेली. दुसऱ्या खेपेलाही बोटं सुटली. सगळं माहीत असून, दातओठ खाऊन ठरवलेलं असून सुटली. हाताने करायचं, डोक्याला कळवायचं नाही. बाबांनी शिकवलेलं इतकं पक्कं बसलं होतं.

तिसऱ्या खेपेला तिने धरलं. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली, तिने डोळे पिंपावर ठेवले आणि धरून ठेवलं. गाडी थांबली. पिंप अजून दोन पावलं पुढे होतं. मागे जमिनीवर काही नव्हतं.

ती उतरली नाही. लिव्हर कापते की माझाच हात कापतोय, काही कळेना. रविवारी येतेस?

आधी त्यांनी तिला विचारलं होतं. ती गेली नाही. त्यानंतर भावाने सांगितलं, तुमचे हात कापतात. म्हणजे त्यांना उत्तर मिळालं होतं. लिव्हर नाही, हात. दुसऱ्या दिवशी सकाळी भुशावर ती थरथर आली तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, किंवा मनात काही यायला वेळ तरी मिळाला असेल का, हे कुठल्याही दिव्यावरून कळण्यासारखं नव्हतं. तिला मात्र त्या दोन वाक्यांचा क्रम दिसत होता. पहिलं तिचं, तिने जाऊन कधी न सांगितलेलं. दुसरं भावाचं. दोन्ही जोडल्याशिवाय हकिकत पुरी होत नव्हती.

तिने भावाला फोन करून बोलावून घेतलं. पान्या गाडी घेऊन निघून गेला, जाताना रॉकेलची बाटली ठेवून गेला. ब्रश कोपऱ्यातल्या खोलीत, खिळ्याला टांगलेला होता तसाच होता.

भाऊ आला तेव्हा ती गुडघ्यांवर बसून रेघ घासत होती. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण वरखाली लागलेलं. तो फाटकापाशीच थबकला. या अंगणात तो पंचवीस वर्षांत आला नव्हता. मग जवळ येऊन उकिडवा बसला.

"तुझी?"

"माझी."

तिने हात न थांबवता सांगितलं. नर्सचं, मोज्याचं, दिव्याचं. दिवा तीनदा लागला म्हणजे बोटं तीनदा आवळली. "ब्रेक दाबला होता त्यांनी. तिसऱ्यांदा दाबलेला होता तेव्हा धडक बसली. त्यांना थांबायचं होतं रे. शेवटपर्यंत थांबायला बघत होते."

 भावाने हाताच्या तळव्याने सिमेंटवरची धूळ सारली, पुन्हा सारली.

"मग थांबले का नाहीत?"

ब्रश तिच्या हातात होता. दोन वाक्यं जिभेवर तयार होती, आणि त्यातलं दुसरं त्याचं होतं.

"भुसा होता रस्त्यावर," ती म्हणाली. "जागा कमी पडली."

दोन्ही खरं होतं. तिच्या हाताखालच्या कुणी अशी पुस्तिका लिहून आणली असती, तर तिने ती तोंडावर फेकली असती.

भावाचा चेहरा आधी आक्रसला, मग हळूहळू सैल पडला. तो रडला, पण आवाज न करता, गुडघ्यांत तोंड घालून. मग नाक ओढत म्हणाला, "हात कापत होते, तरी तीनदा दाबला."

"हो," ती म्हणाली.

"मास्तर होते."

"होते ना."

तो उठला. पँटची धूळ झटकली, उन्हाकडे बघितलं, जणू किती वाजले ते आत्ता त्याच्या लक्षात येत होतं. "ताई, मला भूक लागलीय," तो म्हणाला, आणि त्याला त्याचं नवल वाटल्यासारखं दिसलं. "चल ना. काहीतरी खाऊ."

"तू हो पुढे. एवढं उरकून आले."

"राहू दे गं. कोण बघायला येणारे आता?"

 तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती थांबली. मग ब्रशवर रॉकेल ओतलं आणि वळणाच्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली. काळं निघत होतं, पण खालचं सिमेंट करडं पडलं होतं, आणि उन्हात तिरकं बघितलं की रेघ कुठून कुठे गेली होती ते अजून दिसत होतं. मोजा तिने काढून बाजूला ठेवला होता. त्याची दोन बोटं किंचित वाकलेली होती, काहीतरी धरायला गेल्यासारखी. ती घासत राहिली.